मिक्सिंग चालू आहे

युनूसभाई माझ्या दुकानात कधी सरळ आत आले नाहीत. उंबऱ्यावर थांबायचे, ऊन कुठून येतंय ते बघायचे आणि मग भिंतीला धरून कडेकडेने यायचे. पहिल्यांदा मी विचारलं, "काहून जी, चोरासारखे कायले येता?" तर म्हणाले, "ताई, तुमच्या सुईवर माही सावली पडली नाही पाहिजे." आता असं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? पण मी भांडायचे. माझा स्वभावच तसा आहे आणि शेजारही तसाच होता. पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे गाळ्यांची ओळ आहे, तिच्यात माझं लेडीज टेलरिंग आणि लागूनच त्यांचं 'सना व्हिडिओ मिक्सिंग सेंटर'. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांच्याकडे आलेल्या एकेका लग्नाची सनई मला आठ-आठ दिवस ऐकावी लागे. हल्ली ती भिंत गप्प असते आणि माझंच कामात लक्ष लागत नाही.

गावात त्यांचं आडनाव कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे म्हणायचे 'युनूस मिक्सिंग'. लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी सोनेरी अक्षरं गोल फिरत यायची, 'मिक्सिंग : युनूस', त्यावरून पडलेलं नाव. कॅसेटी जाऊन सीड्या आल्या, सीड्या जाऊन पेनड्राइव्ह आले, तरी आमच्याकडे सगळे कॅसेटच म्हणतात. उंच, काटकुळे, अंगात बिनबाह्यांचं खिसेच खिसे असलेलं जाकीट. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही ते जाकीट अंगावरून उतरत नसे. एका खिशात भिंग पुसायचं फडकं आणि उरलेल्या सगळ्या खिशांत फुटाणे. मूठभर फुटाणे पुढे करायचे, समोरच्याने घ्यायला हात पसरला की म्हणायचे, "थोडं उजवीकडे या नं. तोंडावर उजेड नाही तुमच्या."

त्यांची खरी ख्याती होती उलटं चालण्याची. नवरी मांडवात येत असो की सासरी निघालेली असो, हे कॅमेरा डोळ्याला लावून तिच्यापुढे मागे मागे चालत. खुर्च्या, पोरंटोरं, वाढपी, सगळं पाठीला दिसत असल्यासारखं चुकवायचे. एकदाच फसले. झरी जामणीकडच्या एका लग्नात मागे जाता जाता सांडपाण्याच्या नालीत कमरेपर्यंत गेले. लोक धावले, तर हे नालीतूनच सांगतात, "मले नका पाहू. बाजूले व्हा, फ्रेमीत येऊन राह्यले तुम्ही." ती कॅसेट मी स्वतः पाहिली आहे. नवरी एकाएकी उंच दिसायला लागते, एवढाच काय तो फरक. चित्र तसूभर हललेलं नाही.

"ज्याच्यात जीव आहे त्याले फ्रेमीतून सोडायचं नाही," हे त्यांचं पेटंट वाक्य. आधी नवरी, मग तिची आई, मग कोपऱ्यात बसलेली एखादी म्हातारी. स्टेज, झुंबर, केक आणि पुढारी नंतर. इफेक्टचा त्यांना मनस्वी राग. पण गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. नवरा-नवरी गुलाबात पाहिजेत, चंद्रात पाहिजेत, गोल गोल फिरले पाहिजेत. ते मुकाट करून द्यायचे आणि मग माझ्याकडे चहा पीत कुरकुरायचे. "पोट्टी एवढी मनापासून रडून राह्यली, अन् बाप म्हणते तिच्या डोक्यावरून कबुतरं उडवा." मी म्हणायचे, "उडवा नं मंग. मी नाही लावून देत ब्लाऊजले नको तिथं लेस?" त्यावर ते म्हणायचे, "तुमची लेस उसवता येते, ताई. लग्न एकदा काढलं की काढलं."

सना त्यांची एकुलती एक. तिची आई फार लवकर गेली, त्यामुळे पोरगी दुकानातच वाढली. शाळेतून आली की मिक्सिंगच्या कंप्युटरवर बसून एक उड्यांचा गेम खेळायची. त्यात एक चौकोन असतो. तो आपला आपण डावीकडून उजवीकडे पळत सुटतो, थांबायचं नावच नाही. आपण बटण दाबलं की तो उडी मारतो. वाटेत काटे, खड्डे, फिरत्या करवती. कशालाही लागला की मेला, आणि पुन्हा अगदी सुरुवातीपासून. भिंतीपलीकडून तिचं "मेली रे बाप्पा" ऐकू आलं की मी इकडून म्हणायचे, "पुन्हा जन्म घे अन् आता अभ्यासाले बस." पोरगी गोड होती, मला उलटून कधी बोलली नाही. बापासारखीच कडेकडेने यायची.

युनूसभाईंचे हात थरथरायला लागले ते आधी मला कपबशीवरून कळलं. कप बशीत वाजायचा. ते म्हणायचे थंडी आहे, मग म्हणायचे जागरण झालं. नंतर जागरण नसतानाही वाजायला लागला. आधी उजवा हात, मग डावाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप यायची पण थरथर जायची नाही. त्यांनी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून पाहिला, पण तिकाटणं घेऊन नवरीपुढे उलटं चालता येत नाही. एकेक लग्न नव्या पोरांकडे जायला लागलं. युनूसभाई दुकान उघडून बसायचे आणि जुन्या कॅसेटींची धूळ पुसायचे.

अशात सनाचं लग्न ठरलं. मुलगा हैदराबादचा, घरदार चांगलं. तिचा लेहंगा मी शिवला. सगळ्यांनी युनूसभाईंना समजावलं, की शूटिंगला दुसरा माणूस सांगा. मीही सांगितलं, जरा कडकच सांगितलं. तर म्हणाले, "माह्या पोरीची रुखसती दुसरा काढीन? मी काय मेलो का?" रुखसती म्हणजे पाठवणी, ती दुसऱ्याच्या हाती द्यायला बाप तयार नव्हता.

आणि त्या दिवशी त्यांनी जे केलं, ते युनूस मिक्सिंगच करू जाणे. बिदाईची वेळ झाली तेव्हा ते खुर्चीवर चढले आणि पाहुण्यांना म्हणाले, "मोबाईल खिशात ठेवा. हात वर करू करू तुम्ही शूटिंग करता, अन् नवरीच दिसत नाही. मी काढून राह्यलो नं." सगळ्या मांडवाने ऐकलं. एवढा त्या माणसाचा शब्द. मीही माझा मोबाईल पिशवीत टाकला.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून सनाच्या रडण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा तोच आला. मग युनूसभाईंनी मला ते शूटिंग बघायला बोलावलं. पडद्यावर लाल काहीतरी सरकत होतं. कमानीचे दिवे म्हणजे नुसत्या रेघा. मध्येच कोणाचे बूट, मध्येच आभाळ, मध्येच जमीन. बिदाईच्या सगळ्या चित्रात सनाचा चेहरा कुठेच नव्हता. कंप्युटरने हलणं कमी करून पाहिलं होतं, तर सगळं मेण वितळल्यासारखं दिसत होतं. बराच वेळ बघून म्हणाले, "ताई, कोणाच्या मोबाईलमधी असंन का?" मला रडू आलं. कोणाच्या मोबाईलमध्ये कसं असेल? त्यांनीच ठेवायला लावले होते.

सनाचा फोन यायचा. स्पीकरवर असायचा, हातात फोन धरवत नव्हता ना. "अब्बा, कैसेट कब देते?" आणि हे म्हणायचे, "मिक्सिंग चालू है, बेटा." रमजान आला, गेला, मिक्सिंग चालूच. कापूस आला, गेला, मिक्सिंग चालूच. शेवटी ती पोरगी कंटाळून विचारायची बंद झाली, आणि ते त्यांना जास्त लागलं. मला म्हणाले, "तिले समजलं वाटते." मी म्हटलं, "मंग सांगून टाका नं खरं." तर फुटाणे पुढे केले.

एके दुपारी भिंतीपलीकडून त्या उड्यांच्या गेमचा आवाज आला. मला वाटलं सना आली. हातातला काज तसाच टाकून गेले, तर युनूसभाई एकटेच. डाव्या हाताने उजवं मनगट धरून माऊस सरकवत होते. पोरीची आठवण आली म्हणून गेम उघडला होता, आणि त्यात त्यांना तिची एक अर्धवट लेव्हल सापडली होती. त्या गेममध्ये नुसतं खेळायचं नसतं, स्वतःचा रस्ताही बनवता येतो. काटे कुठे, खड्डे कुठे, गाणं कोणतं, सगळं आपण ठरवायचं. सनाने थोडं बनवून सोडून दिलं होतं.

"ताई, इकडे पाहा. हे तं मिक्सिंगच आहे." त्यांचे डोळे लकाकत होते. "डावीकडून उजवीकडे पट्टी. खाली गाणं. अन् हे पाहा, ट्रिगर."

ट्रिगर म्हणजे काय ते मला समजेना, तर त्यांनी ते मला लग्नावरून समजावलं. "भटजी शेवटचं 'सावधान' म्हणते. तसा अंतरपाट खाली येते, अक्षता पडते, बँडवाला सुरू होते. होते का नाही? म्हणजे ते 'सावधान' झाला ट्रिगर. चौकोन पळत पळत त्या रेषेवर आला, की आपण ठरवलं ते होते. आभाळाचा रंग बदलते, दरवाजा उघडते, कॅमेरा जवळ जाते. खेळणाऱ्याले ट्रिगर दिसत नाही. त्याले वाटते आपोआप झालं."

"अन् चुकीच्या जागी ठेवला तर?"

"पाटणबोरीचं लग्न आठवते का?" ते म्हणाले. आठवत होतं, माझ्याच नात्यातलं. भटजींना मंगलाष्टक म्हणता म्हणता ठसका लागला आणि नवऱ्याच्या मामाला वाटलं संपलं. त्याने बँडवाल्याला हात केला, बँड सुरू झाला, लोकांनी हातातल्या अक्षता टाकून दिल्या, आणि अंतरपाट तसाच. खरं 'सावधान' आलं तेव्हा कोणाच्या हातात अक्षतेचा दाणा नव्हता. "मामानं ट्रिगर अलीकडे ठेवला," युनूसभाई म्हणाले आणि इतके हसले की माऊस हातातून सुटला. कितीतरी महिन्यांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं.

पहिली लेव्हल त्यांनी सरावासाठी बनवली आणि त्यात स्वतःच गोता खाल्ला. एवढी वर्षं इफेक्टला नावं ठेवणारा माणूस, पण हातात फुकटचे इफेक्ट आले आणि गडी पाघळला. एक सुंदर झुंबर बनवलं आणि चौकोन तिथे पोचला की कॅमेरा सरसर झुंबराकडे जाईल असा ट्रिगर ठेवला. झुंबर मोठं दिसलं खरं, पण खाली चौकोन फ्रेमीबाहेर गेला आणि न दिसणाऱ्या काट्यावर मेला. समोरच्या मोबाईलवाल्याने ती लेव्हल परस्पर खेळून बाहेर पाठवली, आणि दूरदूरच्या अनोळखी पोरांनी ती खेळून खाली शिव्या लिहिल्या. युनूसभाईंनी त्या माझ्याकडून वाचून घेतल्या. मी बऱ्याचशा गाळल्या, एक सभ्य तेवढी वाचली. मरताना मी दिसलोच नाही, असं कोणीतरी लिहिलं होतं.

ते ऐकून त्यांचा चेहराच उतरला. "म्हणजे ज्याच्यात जीव त्यालेच सोडलं मी," म्हणाले. ते झुंबर त्यांनी माझ्यासमोर पुसून टाकलं. मग म्हणाले, "ताई, सनाची रुखसती मी यात काढतो. तिले हा गेम येते. इथं कॅमेरा मी म्हणीन तेव्हाच हालते."

त्यानंतर मला चैन नाही. अर्धा ब्लाऊज बेतला की भिंतीवर टकटक. "ताई, मांडवापासून कमानीपर्यंत डावीकडे काय होतं?" "ताई, सनाच्या मावसबहिणी कुठं उभ्या होत्या?" लेहंग्याचा रंग त्यांनी आधी लाल ठेवला होता. मी म्हटलं, "लाल नव्हता जी, डाळिंबी होता. मी शिवला का तुम्ही?" आणि चिंध्यांच्या गाठोड्यातून त्याचा उरलेला तुकडा काढून दिला. तो तुकडा पडद्याला लावून त्यांनी रंग जुळवला. चौकोन कमानीकडे निघाला, की सगळं आभाळ हळूहळू डाळिंबी व्हायचं. तो ट्रिगर त्यांनी इतक्या वेळा मागेपुढे सरकवला, की मला पाठ झाला. जिनिंग फॅक्टरीतले कापसाचे ढीग आले, हायवेवरचे ट्रक आले, सागाची झाडं आली. कॅमेरा सगळीकडे चौकोनाच्या बरोबरीने, ना पुढे ना मागे. मांडवात जवळ जायचा, पण इतका हलके की कळू नये.

त्या गेममध्ये कॅमेरा मुद्दाम थरथरवायचाही ट्रिगर असतो. पोरं तो जिथेतिथे घालतात, बॉम्ब फुटल्यासारखा. मी विचारलं, "तुम्ही घातला का?" म्हणाले, "एकाच जागी." कुठे ते सांगितलं नाही. शेवटचा भागही मला दाखवला नाही.

लेव्हल झाली आणि मग खरा घोळ सुरू झाला. त्या गेमचा एक नियम आहे. ज्याने लेव्हल बनवली, त्याने ती स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही न मरता खेळून दाखवायची, तरच ती बाहेर जाते. तोवर ती दुसऱ्या कोणाला मिळत नाही. युनूसभाईंना हा नियम फार पटला. "बरोबर आहे. स्वयंपाक करणाऱ्यानं आधी चाखला पाहिजे," म्हणाले. पण चाखायचा कसा? बोट थरथरलं की एकाच्या जागी दोन उड्या. पहिल्याच काट्यावर चौकोन फुटायचा. सकाळी दुकान उघडल्यापासून तेच. मांडवाच्या बाहेरही पडता येईना.

समोरचा मोबाईलवाला म्हणाला, "चाचा, हेपण मीच खेळून देतो, कोणाले कळते?" त्याला त्यांनी फुटाणेसुद्धा दिले नाहीत. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काटे कमी करा नं बाप्पा. तुमचीच लेव्हल, तुमचेच काटे. कोण मोठं बक्षीस देऊन राह्यलं?"

ते पडद्याकडे बघत म्हणाले, "काढले होते ताई. रातभर काढून पाह्यले. पण काटे काढले तं नुसती सरळ सडक राह्यली. पोट्टीची रुखसती अशी नव्हती. आई नसलेली पोट्टी घर सोडून गेली. ते सोपं दाखवू का मी तिले?"

मला काही सुचेना, आणि सुचेनासं झालं की मी ओरडते. "मंग हातानं होत नाही तर पायानं करा. मी काय हातानं मशीन चालवते? जनम गेला माहा पायावर."

मी आपली रागात बोलून गेले. हे उठले, माझ्या दुकानात आले आणि माझ्या मशीनकडे बघायला लागले. पाय थरथरत नव्हते त्यांचे. मागे मागे चालणारे पाय ते.

माझी जुनी पायाची मशीन मोटरवाली घेतल्यापासून कोपऱ्यात पडून होती. त्यांनी जुना माऊस फोडला, त्याच्या बटणाच्या तारा दाराच्या बेलच्या बटणाला जोडल्या आणि ते बटण माझ्या मशीनच्या पायडलखाली बसवलं. पायडल दाबलं की चौकोनाची उडी. मशीनवर कंप्युटर ठेवला. मशीन एवढी जड, की त्यांच्या गाळ्यात न्यायला माणसं लागली असती, म्हणून तेच माझ्याकडे आले. एका लेडीज टेलरच्या दुकानात एक म्हातारा माणूस दिवसभर पायडल मारत बसला, आणि समोर शिवण काहीच नाही. बायका माप द्यायला यायच्या, तेव्हा मी म्हणायचे, "युनूसभाई, बाहेर." ते निमूट उठायचे, कडेकडेने बाहेर जायचे आणि कॅलेंडरसारखे भिंतीला लागून उभे राहायचे. माप झालं की पुन्हा पायडल. चौकोन मांडवातून निघाला, मग कमानीजवळ पोचू लागला, मग कमानीच्या तोंडाशी मरू लागला. "आज कापसापर्यंत गेलतो," असं जाताना सांगायचे. मला रोज रात्री भाकरी करताना तो चौकोन डोळ्यापुढे यायचा.

जमलं तेव्हा मी पाहिलंच नाही. एक बाई बाहीच्या लांबीवरून हुज्जत घालत होती, मी तिला टेपने पटवून देत होते. मागे पायडलचा आवाज थांबला. बराच वेळ आला नाही म्हणून वळले, तर युनूसभाई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. पडदा शांत. "ताई, पाह्यलं का तुम्ही?"

"नाही जी. काय झालं?"

"बरं झालं नाही पाह्यलं ते," म्हणाले. "आता सनासंग पाहा."

ईदला सना आली. थोडी भरली होती, चेहऱ्यावर तजेला होता. मला बांगड्या आणल्या होत्या. युनूसभाईंनी तिला माझ्याच दुकानात बसवलं, त्या जुन्या मशीनच्या स्टुलावर. म्हणाले, "कैसेट तैयार है. देखने की नहीं, खेलने की." तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सुईत दोरा ओवत होते, म्हणजे ओवायचं नाटक करत होते.

तिने मोबाईलवर लेव्हल सुरू केली. मेली. पुन्हा सुरू केली. पुन्हा मेली, आणि लहानपणीसारखी म्हणाली, "मेली रे बाप्पा." तिसऱ्या-चौथ्या वेळेला मांडव ओळखला आणि हसणं थांबलं. "ये तो अपना मंडप है." मग नुसतं बोट चालत होतं. मावसबहिणींचे छोटे चौकोन गेले. कापसाचे ढीग गेले. मग आभाळ डाळिंबी व्हायला लागलं आणि तिचं बोट चुकलं. मेली. डोळे पुसले, पुन्हा पहिल्यापासून. युनूसभाई दाराशी उभे होते, उजेड अडू नये असे, हात जाकिटाच्या खिशात. मी काम सोडून तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

शेवटी ती कमानीतून बाहेर पडली. सगळ्या लेव्हलभर तिच्या बरोबरीने आलेला कॅमेरा तिथे थांबला. चौकोन पुढे पळत गेला, उजव्या कडेला पोचला आणि फ्रेमीबाहेर निघून गेला. पडद्यावर नुसती कमान राहिली. कमानीखाली एक छोटा चौकोन होता, तो हलत नव्हता. मग चित्र एकदा थरथरलं, अगदी थोडं, आणि थांबलं. मग अक्षरं आली. मिक्सिंग : युनूस.

सनाने मोबाईल मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "अब्बा, कैमरा पीछे कायकू नहीं आया?"

"रुखसती में बाप कमान तक ही आता, बेटा," ते म्हणाले. मग खिशातले हात बाहेर काढून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "उस दिन मैं नहीं रुका था. तेरी गाडी के पीछे दौडा. कैमरा हाथ से नहीं हिला रे. मैं दौड रहा था."

एवढी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. त्या दिवशी गाडी निघाली तेव्हा सगळे डोळे पुसत होते, ह्यांच्याकडे कोण बघणार? मी आपली हातांना दोष देत बसले होते. सना उठली आणि बापाच्या गळ्यात पडली. मी बाहेर जाऊन उभी राहिले. त्या दिवशी मापाला कोणी बाई आली असती तर तिला मीच परत पाठवलं असतं.

दोन-तीन महिन्यांनी सना आणि जावई गाडी घेऊन आले. हैदराबादला मोठे डॉक्टर आहेत, अब्बांना आता एकटं ठेवायचं नाही, असं ठरलं होतं. युनूसभाईंनी शटर ओढलं, किल्ली माझ्याकडे दिली आणि मशीनखालचं ते बेलचं बटण काढू नका म्हणून सांगितलं. मी अजून काढलेलं नाही. जाकीट अंगात होतंच. गाडीत मागे खिडकीशी बसले. मी वाटेसाठी तिळाची चटणी आणि भाकरी बांधून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि गाडी सुरू झाली तरी खिडकीला धरून चालत होते, कारण गोळ्यांचं सांगायचं राहिलं होतं.

"ताई," ते म्हणाले, "तिथंच थांबा. मागं नका येऊ." आणि खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून बोटांची चौकट केली, माणूस फ्रेमीत धरायला करतात तशी. चौकट थरथरत होती. "हाव, बस. उजेड चांगला आहे तिथं."

मी त्यांचं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, ते ऐकलं. खिडकी सोडली आणि थांबले. गाडी बसस्टँडला वळसा घालून हायवेकडे गेली. मी तिथेच उभी होते. ब्लाऊज न्यायला आलेली बाई मला दोनदा हाक मारून गेली म्हणे.